नळीतला पीळ

कार्डावरचं भोक गोल यायचं थांबलं
ते मार्गशीर्षात कधीतरी.
दुधाळीच्या रेंजवर मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं:
जोंधळ्याच्या दाण्यासारखं लांबट.
पंचवीस मीटर जाईपर्यंत
गोळी कूस बदलत होती.

मुलगा म्हणाला, "आई, हात म्हातारा झाला तुझा."
हात थरथरला तर भोक जागा बदलतं रे,
आकार नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही. भाजी चिरत राहिले.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींनी लेथ बंद केला,
आधी परवान्याची वही पाहिली, मग हात पुसले,
नळी ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला.
"विहिरीच्या दगडाला दोराच्या खाचा असत्यात न्हवं ताई,
तशा हुत्या हितं. गुळगुळीत झाल्यात.
सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात,
हितं सुंभ शाबूत, पीळ तेवढा गेलाय."
मी लेथकडे बघत होते.
मी काय बघतेय ते त्यांनी बघितलं.
"पंपाचा शाफ्ट सांगा, चरकाचा रूळ सांगा,
आत्ता देतो. ह्ये न्हाई.
ह्ये केलं तर झोप लागायची न्हाई."
आणि चहा सांगितला, दोन, एक बिनसाखरेचा.

मग पत्रं.
ज्यानं हे रिव्हॉल्वर घडवलं तो परदेशात कधीच वारला.
नातीचं उत्तर आलं: आजोबा वर्षाला अकराच करायचे,
आता त्यांचं फक्त स्टूल उरलंय, त्यावर कुंडी ठेवलीय.
जबलपूर गप्प.
बेळगावचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीनच घ्या की."

घेतलं असतं.
पण ही शिसवी मूठ कारदगे सरांनी
ओल्या शाडूत माझ्या पंजाचा ठसा घेऊन कोरलेली.
करंगळीपाशी एक खोलगट जागा आहे.
वीज गेल्यावर घरातल्या काडेपेटीकडे हात जातो,
तसं बोट तिथं जातं.

मिरजेच्या इंदुताई हेर्लेकरांकडे जुळ्यातलं दुसरं निघालं,
माझ्यापेक्षा एकानं पुढचा नंबर.
नवरा गेल्यापासून दुकानदाराच्या तिजोरीत,
त्या दरमहा भाडं भरत होत्या, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.
"वर्षातून एकदा काढायचे हो, दसऱ्याच्या स्पर्धेला.
बाकी नुसतं तेलपाणी."
नळी नव्यासारखी होती.

अकरा महिने लागले.
कलेक्टर कचेरीत कारकुनानं विचारलं,
नळी म्हणजे हत्यार की हत्याराचा सुटा भाग?
साहेबांना माहीत नव्हतं, त्यांच्या साहेबांनाही.
फाईल पुण्याला गेली आणि चुन्याचं बोट घेऊन परत आली.
जुन्या नळीपुढे रजिस्टरात लिहिलं: निकामी.
मी खाली सही केली.
अक्षर जरा बिघडलं.

पुण्याच्या परवानेवाल्या कारागिरानं नवी बसवून दिली.
दुधाळीला त्या सकाळी धुकं होतं,
रंकाळ्याकडून येतं तसं, गुडघ्यापर्यंत.
पहिली गोळी.
भोक गोल, कडा स्वच्छ,
पेढ्यावर बोट दाबावं तसं.
पण आठात, डावीकडे.
दहाच्या दहा तिथंच, एकमेकींना चिकटून.

मिरजेला फोन लावला, आभार मानायला.
सहज बोलून गेले, डावीकडं जातंय जरा.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग बराच वेळ काही नाही.
"ह्यांचंही डावीकडंच जायचं," त्या म्हणाल्या.
"म्हणजे हात नव्हता तो त्यांचा.
मी मेली जन्मभर हाताला नावं ठेवली."

फोन ठेवला.
साईटचा स्क्रू दोन टिचक्या फिरवला.
मग एक परत घेतली.